घरी गाडीला मॅट रंग: किती काम आपलं, किती बूथचं?

सांडवा

बाबांची मारुती ८०० वीस वर्षांपुढची आहे. इंजिन ठणठणीत, पण छत आणि बॉनेटवरचा पांढरा रंग पार मेला होता. हात फिरवला की भुकटी बोटांना लागायची. ८००चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे ही विकून तशीच नवी घेऊ हा पर्यायही नाही. या हिवाळ्यात तिला गडद राखाडी मॅट रंग दिला. पुण्याजवळ घर, मागे पत्र्याची शेड, भावाकडे कंप्रेसर, सगळं हाताशी होतं. तरी सगळं काम घरी केलं नाही. का नाही केलं, आणि जे केलं ते कसं, हे सविस्तर लिहितोय. मराठीत याबद्दल नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि व्हिडिओ बघावेत तर ते रंग मारल्याच्या दिवशीच संपतात.

आधी मॅट म्हणजे काय ते. रंगद्रव्य चकचकीत रंगात असतं तेच असतं. फरक सगळ्यात वरच्या थरात. या वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे मॅट क्लिअरमध्ये, सिलिकाची अतिबारीक पूड मिसळलेली असते. थर वाळताना आक्रसतो आणि ही पूड पृष्ठभाग डोळ्यांना न दिसेल इतपत खडबडीत ठेवते. उजेड त्यावरून सरळ परत न जाता विखुरतो, म्हणून चमक दिसत नाही. साटीन, सेमी-मॅट, फुल मॅट हे प्रकार या पुडीच्या प्रमाणावर ठरतात.

या एका गोष्टीवरून पुढचं सगळं ठरतं. चकचकीत रंगात चिलट बसलं, केस अडकला, ओघळ आला तर वाळल्यावर २०००चा वॉटर पेपर मारायचा, कंपाउंड फिरवायचं, पॉलिश करायचं, विषय संपला. मॅटमध्ये असं काही करायला गेलात की तो बारीक खडबडीतपणाच घासला जातो आणि तिथे चमकदार डाग पडतो, कायमचा. मॅट थरातला एक केस काढायचा म्हणजे आख्खं बॉनेट पुन्हा घासून पुन्हा मारायचं. छोटा पॅच मारून आजूबाजूला मिसळवणं जमत नाही, कडेला कड दिसतेच.

याची दुसरी बाजू फारसं कोणी सांगत नाही. मॅट रंग पत्र्याचा उंचसखलपणा लपवतो. चकचकीत काळ्या दारात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नागमोडी दिसलं की लांबीचं (पुटीचं) काम कच्चं हे लगेच कळतं. मॅटमध्ये प्रतिबिंबच नाही. म्हणजे घरच्या माणसाला अवघड जाणारी गोष्ट, पत्रा आरशासारखा सपाट करणं, ती मॅट सांभाळून घेतो. आणि घरी जी हातात नसते, धूळ नसलेली हवा, तिथे तो अजिबात सांभाळून घेत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सुटे भाग काढणं, गंज, लांबी, घासकाम, प्रायमर हे सगळं घरी करा. वेळ खाणारं काम हेच आणि गॅरेजवाला पैसेही याचेच घेतो. शेवटचा रंग आणि मॅट क्लिअर बूथमध्ये, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेच्या बंद रंगखोलीत, मारून घ्या. मी प्रायमर मारलेली गाडी ओळखीच्या गॅरेजात नेली आणि पुढचे थर त्यांच्या पेंटरकडून मारून घेतले.

तयारीतल्या काही गोष्टी:

जे निघतं ते काढा, टेप लावत बसू नका. बंपर, दिवे, हँडल, वायपर, आरसे, दारांवरची रबरं. टेपच्या कडेला रंगाचा उंबरा तयार होतो आणि पुढे तिथूनच पापुद्रा सुटतो. ८००च्या पुढच्या काचेचं रबर काढायचं नसेल तर त्याच्या ओठाखाली पातळ नायलॉनची दोरी सरकवत न्या. रबर पत्र्यापासून उचललं जातं आणि रंग खालपर्यंत पोचतो.

घासायच्या आधी तेल-मेण काढा, नंतर नाही. आधी पेपर मारला तर पत्र्यावरचं मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. वॅक्स-ग्रीस रिमूव्हर नावाचं द्रावण मिळतं. एका फडक्याने ओलं लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. रॉकेल आणि पेट्रोल यासाठी नकोच, दोन्ही मागे तेलकट थर ठेवतात. आणि डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे त्या काळात गाडीच्या आसपास सुद्धा नको. त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर बसलं की रंग तिथून मागे सरकतो, गोल गोल खळगे पडतात. पेंटर लोक त्याला फिशआय म्हणतात.

गंज जिथे दिसतो तिथून सुरू झालेला नसतो. ८००च्या दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. ती चिखलाने बुजतात, पाणी आत साचतं, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर फक्त फोड दिसतो. आधी भोकं मोकळी करा, मग चकचकीत धातू लागेपर्यंत गंज काढा, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवू नका.

बाकी विचारा, जमेल तसं सांगतो.

अनघड

खूप उपयोगी धागा. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. माझ्याकडे स्प्रे गन नाही, कंप्रेसर नाही. बाजारात मॅट ब्लॅकचे स्प्रे कॅन मिळतात, त्यांनी पूर्ण गाडी होईल का? हॅचबॅक आहे, दहा वर्षं जुनी, रंग ठीक आहे, फक्त कंटाळा आलाय.

सांडवा

अनघड, आरसे, जाळी, व्हील कॅप, मागचा स्पॉयलर यांसाठी कॅन उत्तम. पूर्ण गाडीसाठी नको. ४०० मिलीच्या कॅनमध्ये नीट झाकणारे थर द्यायचे तर साधारण एक चौरस मीटर होतं, म्हणजे एकट्या बॉनेटलाच एकाहून जास्त कॅन. मारता मारता कॅन गार पडतो, दाब उतरतो, फवारा जाड होतो. चकचकीत रंगात हे नंतर पॉलिशने निभावतं, मॅटमध्ये छतावर पट्टे दिसत राहतात.

शिवाय साधा कॅन म्हणजे वन-के, त्यात हार्डनर, म्हणजे रंग रासायनिक क्रियेने पक्का करणारा दुसरा भाग, नसतो. थिनर उडून गेला की रंग वाळला, एवढंच. टाकीच्या झाकणाशी पेट्रोलचा ओघळ आला की तो रंग मऊ पडतो.

आणखी एक. साधा बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) क्लिअर न मारता सोडला तर तो आपोआप मॅट दिसतो, म्हणून काही जण तिथेच थांबतात. तसं करू नका. बेस कोट उघड्यावर राहण्यासाठी बनवलेलाच नसतो. ऊन, पाणी, पेट्रोल सगळं त्याला लागतं आणि तो लवकर उतरतो.

पॉलिशपेपर

आमचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, वडिलांपासूनचं. धागाकर्त्यांनी बरंचसं बरोबर लिहिलंय, काही भर घालतो.

लांबी कोरडी घासा. आमच्याकडचे जुने कारागीर सवयीने सगळीकडे पाणी मारून घासतात. पूर्वी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुटी होती, ती पातळ ओढायची असायची, तिला पाणी चालायचं. आताची दोन भागांची पॉलिस्टर लांबी सच्छिद्र असते. तिच्यात पाणी मुरलं आणि वरून प्रायमर बसला की पहिल्या उन्हाळ्यात फोड येतात. गिऱ्हाइकाला वाटतं रंग हलका वापरला. रंगाचा काही दोष नसतो, आत पाणी असतं. ८० नंबरच्या पेपरने आकार, १८०ने रेघा, ३२०ने कडा, सगळं कोरडं आणि तोंडाला मास्क लावून. पाणी प्रायमर बसल्यानंतर.

लांबी तीन मिलिमीटरच्या वर जात असेल तर आधी पत्रा काढा, म्हणजे ठोकून जागेवर आणा. जाड लांबी पुढे तडकते.

मॅट लपवतं म्हणून घासकाम सोडू नका. उंचसखल लपतं, ओरखडा लपत नाही. प्रायमरवर हाताने नुसता कागद धरून घासलं तर बोटांच्या रेघा पडतात, आणि तिरक्या उन्हात त्या मॅटमधूनही दिसतात. रबरी ठोकळा वापरा. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ शिडकावा मारा आणि मग घासा. खोलगट जागी काळं शिल्लक राहतं, तिथे अजून काम आहे. शेवट ६००, गडद मॅट असेल तर ८००. पत्र्याच्या कडांवर ठोकळा जोराने फिरवू नका, धातू पहिला तिथेच उघडा पडतो.

रेणूरसायन

मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते. एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी, कारण वर हार्डनरचा उल्लेख ओझरता आलाय.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना त्याचे सूक्ष्म थेंब हवेत राहतात आणि श्वासातून आत जातात. यामुळे दमा होतो. पेंटरच्या धंद्यातला हा जुना आणि नीट अभ्यासला गेलेला आजार आहे. वाईट भाग असा की शरीर एकदा त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येऊ शकतो आणि तो माणूस पुन्हा या कामाजवळ जाऊ शकत नाही. त्याला वासाची आगाऊ सूचना नसते. थिनरचा वास येतो, आयसोसायनेटचा येत नाही. म्हणून "वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय" हा हिशेब इथे लागू नाही.

कापडी मास्क, एन-९५ यांचा इथे उपयोग नाही. कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क थिनरच्या वाफेला चालतो. टू-के फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा नळीने आणणारा मास्क लागतो. डोळे आणि त्वचाही झाकायची. आणि समजा तुम्ही सगळं घालून उभे राहिलात, तरी शेडच्या बाहेर खेळणाऱ्या मुलांचं काय? शेजारच्या गॅलरीतल्या आजींचं? म्हणून धागाकर्त्यांनी क्लिअर बूथमध्ये मारून घेतलं ते शंभर टक्के योग्य. घरी टू-के नको. बुडाचं बटण दाबून हार्डनर सोडायचे टू-के कॅन मिळतात, त्यांनाही हेच लागू.

जुना रंग घासतानाही काळजी घ्या. जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत शिशाची द्रव्यं असू शकतात. तो रंग ओला करून घासा, गाळ गटारात सोडू नका, लहान मुलांना लांब ठेवा.

सांडवा

रेणूरसायन ताई, मनापासून आभार. याच कारणासाठी भावाचा कंप्रेसर असूनही क्लिअर घरी मारलं नाही. इपॉक्सी प्रायमरमध्ये आयसोसायनेट नसतं, बरोबर ना? मी तो गन न वापरता छोट्या जागी ब्रशने आणि मोठ्या जागी फोमच्या रोलरने लावला, नंतर घासून सपाट केला.

रेणूरसायन

इपॉक्सीचा हार्डनर बहुतेक वेळा अमाइनचा असतो, आयसोसायनेटचा नाही. पण काही प्रायमर पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे आयसोसायनेट हार्डनरचे) असतात आणि दुकानदार दोन्हींना टू-के प्रायमरच म्हणतो. डब्यावर हार्डनरचा घटक वाचा. ब्रश-रोलरची कल्पना चांगली, हवेत थेंब उडत नाहीत. हातमोजे मात्र हवेतच, इपॉक्सीने त्वचेची ॲलर्जी होते.

जीपवेडा

माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. तिला आर्मीसारखा मॅट ऑलिव्ह ग्रीन द्यायचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. जीपला चकचकीत रंग शोभत नाही असं माझं ठाम मत. पत्रा सपाट, दारं नाहीत, पुढची काच खाली पाडता येते, म्हणजे घरी रंगवायला याहून सोपी गाडी नाही. वन-के मॅट गनने मारायचा विचार आहे. कोणी केलंय का?

कागदोपत्री

जीपवेडा, थांबा. ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. तो रंग संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे. रस्त्यावर तशा जीप दिसतात हे खरं, पण त्या दिसतात म्हणून तुमची आरसी तशी निघणार नाही.

सगळ्यांसाठी लिहितो. आरसीवर रंगाची नोंद असते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. पांढऱ्याचा राखाडी केलात तर आरटीओला कळवून आरसीवर रंग बदलून घ्या. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघाताच्या दाव्यात सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी आणि गाडी ताडून बघतो.

जुन्या गाड्यांना हे जास्तच लागू. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडी समोर उभी करून तपासतात. आरसीवर पांढरी आणि समोर राखाडी गाडी असेल तर काम तिथेच अडतं. मूळ रंगच मॅट करणार असाल, पांढऱ्याचा मॅट पांढरा, तरी आधी विचारून घ्या. अर्ज आधी, रंग नंतर, हा क्रम ठेवा.

जीपवेडा

नियम १२१ माहीत नव्हता, धन्यवाद. मग वाळूसारखा मॅट बेज घेतो. कामाला लागायच्या आधी आरटीओत जाऊन येतो.

पॉलिशपेपर

जीपला वन-के मॅट चालेल, कारण पुढच्या वर्षी एखादा पॅनेल परत मारायला तुम्हाला वाईट वाटणार नाही, जीप ती जीपच. पण गनचं ऐका. कंप्रेसर किती हवा देतो ते बघा, टाकी किती लिटरची ते नंतर. घरगुती दोन हॉर्सपॉवरचा छोटा कंप्रेसर एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला पुरत नाही. अर्ध्या बॉनेटवर दाब उतरतो आणि तिथून पुढे फवारा बदलतो. एलव्हीएलपी गन घ्या, ती कमी हवेवर चालते. नोझल १.३ किंवा १.४ मिमी. नळीला पाणी पकडणारा फिल्टर हवाच, नाहीतर कंप्रेसरमधलं पाणी थेट रंगात येतं.

मॅट मारताना हाताची चाल चकचकीतपेक्षा वेगळी. पत्र्यापासून वीतभर अंतर, मनगट न वळवता आख्खा हात सरळ न्यायचा. चकचकीतला अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर घेतात, मॅटला पाऊण घ्या. मधे कुठे विरळ राहिलं असं वाटलं तरी मागे फिरून तेवढंच मारू नका, पुढच्या पूर्ण थरात भरेल. पहिला थर सगळीकडे निस्तेज दिसेपर्यंत दुसरा नको. खालचा ओला असताना वरचा बसला तर थिनर आत कोंडतो आणि ती जागा वेगळ्या चमकेची वाळते.

आणि डबा ढवळा. मॅट करणारी पूड तळाला बसते. वरवर ढवळून अर्धा डबा एका दारावर आणि उरलेला दुसऱ्यावर मारला तर दोन्ही दारं वेगळी दिसतात. सगळा माल एका बॅचचा घ्या, एका मोठ्या भांड्यात एकत्र करा आणि प्रत्येक वेळी गनमध्ये भरताना तळापासून ढवळा.

कातळसडा

रत्नागिरीहून. आमच्याकडे हवेत ओल असते, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मी स्कूटरचे पॅनेल मॅट काळे केले, वाळल्यावर ढगासारखी पांढुरकी झाक आली. रंग चांगल्या दुकानातला होता. काय झालं असावं?

रेणूरसायन

त्याला ब्लशिंग म्हणतात. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेतो, पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर जमतं. भराभर उडणारा स्वस्त थिनर असेल तर जास्तच. उपाय दोन: हळू उडणारा थिनर, आणि योग्य वेळ. औद्योगिक रंगकामात नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतलं पाणी जमायला लागतं त्याच्या) किमान ३ अंश वर हवं. घरी मोजायचं साधन नसेल तर एवढं पाळा: पाऊसकाळात नाही, समुद्राकाठी संध्याकाळी नाही, आणि सकाळी दव पूर्ण उडून पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत नाही.

पॉलिशपेपर

आम्ही जून ते सप्टेंबर बूथशिवाय रंग मारतच नाही. दिवाळीनंतर थंडी पडली की सकाळी दहा ते दुपारी दोन हा खरा रंगाचा वेळ. चारनंतर चिलटं येतात, आणि दिवा लावलात तर सगळी रंगावर. फरशीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. पंखा बंद.

डेट्रॉइटकर

इथे हिवाळ्यात बहुतेकांना गॅरेजमध्येच काम करायचा मोह होतो, म्हणून एक सूचना. गॅरेजला लागून गॅसचा वॉटर हीटर असतो आणि त्याची छोटी ज्योत कायम जळत असते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत ज्योतीपर्यंत जाते. भारतात गॅस गीझर, देवघरातला दिवा, फ्रिजचं आपोआप सुरू होणारं बटण, इन्व्हर्टर, यांचंही तसंच. शेड घराला चिकटून असेल तर हे सगळं आधी बघा. गार हवेत हार्डनर नीट बसतही नाही, त्यामुळे इथले बरेच हौशी लोक धागाकर्त्यांसारखंच करतात: तयारी घरी, बूथ एका दिवसासाठी भाड्याने.

गॅलरीतून

मुंबईतून. सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहणाऱ्यांनी यातलं काहीच करू नये, सरळ मॅट रॅप करावं असं मला वाटतं. १.५२ मीटर पन्ह्याची विनाइल फिल्म येते, गाडीच्या उभ्या अंगाला जोड न देता बसते. खालचा मूळ रंग जपला जातो, विकताना रॅप काढता येतो. अनघड यांच्या गाडीचा रंग चांगला आहे, त्यांना तर हेच योग्य. आता किया सेल्टॉस एक्स-लाइन, स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन व्हर्टस अशा गाड्या कंपनीतूनच मॅटमध्ये आल्यात, आणि त्यांचे मालकही एका ओरखड्यासाठी पूर्ण दार रंगवून घेतात. रॅपमध्ये तेवढा तुकडा बदलला की झालं.

सांडवा

गॅलरीतून, तुमचं म्हणणं अनघड यांच्यासाठी पूर्ण पटतं. माझ्या गाडीला चाललं नसतं. भुकटी सुटणाऱ्या रंगावर फिल्म धरत नाही, आणि धरली तर काढताना खालचा रंग घेऊन येते. गंजावर रॅप म्हणजे गंजाला आडोसा. आणि आरसीचं कागदोपत्री यांनी सांगितलेलं रॅपलाही लागू, रंग बदलला तो बदललाच.

सोलून काढता येणारा रबरी कोटही आहे, प्लास्टी डिपसारखा. घरी मारता येतो, त्यात आयसोसायनेट नाही, आणि नाही आवडला तर सोलता येतो. पातळ मारला तर सोलताना तुकडे तुकडे होतात, म्हणून चार-पाच भरपूर थर द्यावे लागतात. पेट्रोल सांडलं की विरघळतो, टाकीपाशी जपावं लागतं. अलॉय व्हीलसाठी मला तो फार आवडतो.

आता रंगानंतरचं, कारण मॅट गाडी खराब होते ती इथे.

आपल्याकडे गाडी धुणारा माणूस पहाटे येतो आणि एकाच बादलीतल्या फडक्याने दहा गाड्या पुसतो. चकचकीत गाडीला त्याने बारीक वेटोळे पडतात, पॉलिशने जातात. मॅट गाडीला रोज त्याच जागी घासून चमक येते, आणि ती जात नाही. मॅट केल्यावर त्यांना आधी प्रेमाने सांगा की ही गाडी पुसायची नाही. त्यांचे महिन्याचे पैसे कापू नका, काच आणि चाकं करून घ्या. स्वतः आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, न्यूट्रल शाम्पू, मायक्रोफायबर, दाब न देता. बोअरचं जड पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे ठिपके मॅटमधून काढणं अवघड आहे. वॅक्स, कंपाउंड, पॉलिश, ब्रशवालं ऑटोमॅटिक वॉशिंग, सगळं बंद.

पक्ष्याची विष्ठा दिसली की तेव्हाच ओलं फडकं ठेवून मऊ करा आणि उचला, घासू नका. जांभळाखाली गाडी लावू नका. डिकी बंद करताना सगळे जण एकाच जागी तळवा टेकवतात. तिथे हाताचा तेलकटपणा मुरून काळसर चकाकी येते. घरात सगळ्यांना हँडलनेच बंद करायची सवय लावा. होळीला गाडी झाकून ठेवा.

अनघड

सगळं वाचून ठरवलं. गाडीला रॅप, आणि आरसे, जाळी मी स्वतः कॅनने करणार. भंगार बाजारातून एक जुना फेंडर आणलाय सरावाला. बंपरसारखे प्लॅस्टिकचे भाग वेगळे मारायचे असतात का?

पॉलिशपेपर

प्लॅस्टिकला आधी प्लॅस्टिक प्रायमर, ज्याला ॲडहिजन प्रमोटर म्हणतात. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यावर साधा रंग धरतच नाही, नख लावलं की पापुद्रा निघतो. स्कॉचब्राइटने सगळीकडून निस्तेज करा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मग प्रमोटर, आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत रंग. काळ्या दाणेदार आरशांवर लांबी-बिंबी काही लावू नका.

सांडवा

फेंडर आणलात हे फार चांगलं केलंत. त्याचे टेपने तीन भाग करा. एकावर कॅन हलवून लगेच मारा, एकावर कॅन दोन मिनिटं नीट हलवून आणि अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून मारा. पाणी हाताला सोसेल एवढंच कोमट, कॅन गॅसवर किंवा उन्हात ठेवायचा नाही. तिसऱ्यावर तसंच, पण थरांमध्ये जास्त वेळ द्या. वाळल्यावर प्रत्येक भागाच्या कोपऱ्यात तुमचा शाम्पू, पेट्रोलचा एक थेंब आणि बोअरच्या पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. फोटो काढताना फ्लॅश नको. ढगाळ उजेडात, फेंडरच्या कडेने तिरका काढा, पट्टे असतील तर त्याच कोनात दिसतात. इथे टाका, थर कुठे जाड पडला ते सांगतो.